हिंचक्याची कुरकुर थांबली की

जादूच्या दुनियेत शिरणाऱ्या मुलांची गोष्ट लिहायची तर लेखकापुढे पहिलं काम कोणतं असतं? राक्षस नाही, उडता घोडा नाही, गुप्त दार तर नाहीच नाही. पहिलं काम म्हणजे आईबापांना वाटेतून बाजूला करणं. घरात एक जरी जागी आई असली तरी गोष्ट पहिल्या पानावर संपते. "कुठे निघालीस? आधी दूध संपव." झालं, गेली जादूची दुनिया.

म्हणून बघा, 1865 साली पुस्तकात आलेली अ‍ॅलिस सशाच्या बिळात पडते, कारण शेजारी बसलेली थोरली बहीण चित्रं नसलेल्या पुस्तकात बुडालेली असते. पीटर पॅन खिडकीतून आत येतो त्या रात्री मुलांचे आईबाबा जेवणाच्या आमंत्रणाला गेलेले असतात. हॅरी पॉटरला तर लेखिकेने सुरुवातीलाच पोरकं करून टाकलं. आणि कपाटातून नार्नियात जाणारी ती चार भावंडं? लंडनवर बॉम्ब पडतात म्हणून त्यांना दूर एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या घरी धाडलेलं असतं. ही काही लेखकाच्या मनाची करामत नव्हे. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनच्या शहरांतून लाखो मुलं खरोखरच अशी आईपासून तोडून खेड्यापाड्यांत पाठवली होती. ते पुस्तक आलं 1950 मध्ये, म्हणजे ती मुलं मोठी झाली तेव्हा.

विलायतेत मुलांना कपाटात शिरायला सवड मिळावी म्हणून महायुद्ध लागलं. आमच्या बडोद्यात आमरस पुरायचा.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एरवी मुलांवर इतक्या नजरा असत की चिमणीलासुद्धा विचारल्याशिवाय आत येता आलं नसतं. आजी, आई, दोन काकू आणि आत्या. आत्या म्हणजे तर चालताबोलता पोलीस गेट. पण मे महिन्यात पानावर रस पडला, वर दोन पुऱ्या जास्त झाल्या, की एकेक बुरूज ढासळायला लागायचा. आधी काका, तोंडावर वर्तमानपत्र. मग आजी, उशाला पाट घेऊन थेट फरशीवर, "नुसती पाठ टेकते" असं म्हणत. बायका मागचं आवरून शेवटी आडव्या व्हायच्या. सगळ्यांत चिवट आजोबा. ते ओसरीवरच्या हिंचक्यावर एक पाय खाली सोडून पडायचे आणि अंगठ्याने जमिनीला रेटा द्यायचे. कुर्र, कुर्र. आम्ही पोरं मधल्या खोलीत श्वास रोखून ती कुरकुर मोजायचो. आवाजांमधलं अंतर वाढत जायचं. अंगठ्याचा रेटा बंद झाला, कड्या गप्प झाल्या, की एक ते साडेतीन बडोदा आमचं.

भुयाराचा शोध अर्थातच पहिला. जुन्या वाड्यात वाढलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या घराखाली एक भुयार असतं आणि ते कुठल्या तरी किल्ल्यावर निघतं. पुण्याचं सिंहगडावर निघत असेल, आमचं पावागडावर निघायचं. त्यात एक वऱ्हाड बँडबाजासकट शिरलं होतं आणि ते अजून बाहेर यायचं आहे. चुलतभावाच्या वर्गातल्या एका मुलाच्या मामांनी ती सनई ऐकलीही होती. भुयाराला पुरावा लागत नाही, मामा लागतो.

भुयार सापडलं नाही. कपाट मात्र सापडलं, आणि त्याचं श्रेय इंग्रजी पुस्तकांना नाही, कारण ती तेव्हा आमच्या घरात नव्हतीच. मधल्या खोलीत शिसवी लाकडाचं एक थोरलं कपाट होतं. शालू, पैठण्या, आजोबांचा दरबारी अंगरखा आणि डांबरगोळ्या. त्यात लपलं की डोळ्यांतून पाणी यायचं, पण लपंडावात ती जागा एक नंबर. एका दुपारी तिथे लपलेली असताना पाठीमागच्या फळीतून उजेडाचा एक ठिपका माझ्या हातावर पडला. फळीतली गाठ निखळून रुपयाएवढं भोक पडलं होतं. कपाटामागे भिंत असायला हवी होती. भिंत नव्हती. कपाट एका दाराला टेकवून उभं केलेलं होतं, आणि त्या दाराच्या फळ्यांमधली फटही नेमकी तिथेच होती. डोळा लावला तर पलीकडे एक स्वयंपाकघर.

आमच्याच स्वयंपाकघरासारखं, पण उलटं. चूल डावीकडे, खिडकी उजवीकडे. फळीवर पितळी डब्यांची रांग, झाकणांवर पणजीचं नाव कोरलेलं, अगदी आमच्या डब्यांसारखं. आमच्याकडे मोठ्या डब्याशेजारी एकदम बराच लहान डबा, मग त्याहून बराच लहान. मधलं माप कुठे गेलं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती मधली मापं तिथे बसली होती. एक डबा इकडे, एक तिकडे, अशी कोणीतरी अतिशय न्यायाने वाटणी केली होती.

ते धाकट्या आजोबांचं बिऱ्हाड होतं. आमच्या जन्माआधी दोन भावांचं बिनसलं, वाडा निम्मानिम्मा झाला, मधल्या दाराला कडी लागली आणि कडीपुढे कपाट आलं. त्यांचा दरवाजा मागच्या गल्लीत उघडायचा. ते नाव घरात निघत नसे. म्हणजे सात समुद्रापलीकडचं अदृश्य राज्य आमच्या उशाला होतं, आणि त्यातल्या आमटीला आमच्याच गोड्या मसाल्याचा वास येत होता.

काही दिवसांनी भोकाला पलीकडून एक डोळा लागला. चुलतबहीण, माझ्याच वयाची. मग काय, शेंगदाणे इकडून तिकडे, चिंचेचे बुटुक तिकडून इकडे, सुरळी केलेल्या चिठ्ठ्या दोन्हीकडून. ग्रीक पुराणात पर्सेफनी पाताळातल्या डाळिंबाचे दाणे खाते आणि वर्षातला काही काळ कायमची तिथली होऊन बसते. परलोकीचं अन्न खाल्लं की बांधिलकी आली, असा तो नियम. त्या हिशोबाने मी चिंचेपायी निम्मी धाकट्या आजोबांच्या घरची झाले ती आजतागायत आहे. पुढे लग्नकार्यांमुळे समोरासमोरची दारं उघडली, आम्ही चपला घालून राजरोस मागच्या गल्लीतून जाऊ लागलो. तेव्हा ते घर अगदी साधं निघालं. भिंतींना ओल होती.

इंग्रजी पुस्तकांतली पोरं पलीकडे जाऊन काय करतात? लढाया जिंकतात, गादीवर बसतात, चेटकिणींना हरवतात. थोडक्यात, इंग्रज जगभर जे करत होते तेच. आपल्याकडच्या बिळातल्या गोष्टीची तऱ्हा निराळी आहे. श्रावणात आजी नागपंचमीची कहाणी वाचायची, तेव्हा मला ती व्रताची वाटत असे. आता वाटतं, साहसकथा म्हणून ती कुणाला हार जाणार नाही. नायिका कोण, तर घरातली धाकटी सून. सगळ्या जावा सणाला माहेरी गेल्या, हिला माहेरच नाही. शेषनागाला दया आली, तो ब्राह्मणाचं रूप घेऊन आला, मामा म्हणून तिला घेऊन गेला. वारुळातून खाली पाताळात. तिथे नागीण बाळंत होताना हिने हातात दिवा धरायचा होता. वळवळणारी पिल्लं पाहून ही घाबरली, दिवा पडला, पिल्लांची शेपटं भाजून तुटली. पिल्लं मोठी झाली ती सूड घ्यायला वर आली, तर ही पाटावर नाग काढून, लाह्या-दूध ठेवून हात जोडते आहे, "माझे लांडोबा, पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत." पिल्लांचा राग गेला, आणि सकाळी तिथे नवरत्नांचा हार.

बिळात पडण्याची दोन्हीकडची कारणं बघा. अ‍ॅलिसला कंटाळा आला होता. आमच्या सुनेला माहेर हवं होतं. आणि तो दिवा! तलवार नाही, जादूची कांडी नाही. दुसरीच्या बाळंतपणात धरलेला दिवा. एवढा घरगुती आणि एवढा धोक्याचा प्रसंग मला कुठल्याच परदेशी जादूनगरीत भेटला नाही. यात माझा पक्षपात असेल, असू दे.

आता वाडा नाही. आम्ही भायलीकडच्या फ्लॅटमध्ये राहतो, कपाटं भिंतीत बसवलेली, त्यांच्यामागे शेजाऱ्यांचं बाथरूम. नात उशीएवढ्या जाड पुस्तकांचे संच वाचते. आरशातून जाणारी मुलं, लिफ्टच्या नसलेल्या मजल्यावर उतरणारी मुलं. तिच्या स्वतःच्या दुपारी मात्र अ‍ॅबॅकस, स्केटिंग आणि आईचा फोन. तिच्या घरात दुपारी कोणी झोपतच नाही. रस आटवून फ्रीजमध्ये ठेवलेला असतो आणि वजनाच्या भीतीने सगळे टक्क जागे.

मग मी तिला घेऊन गावात जाते. बडोद्यात जादूची टंचाई नाही, फक्त तिला जादू म्हणत नाहीत इतकंच. पावसाळ्यात विश्वामित्री फुगली की मगर सोसायटीच्या गेटाशी येऊन बसते आणि वॉचमन खुर्चीवर उभा राहून फोन करतो. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे, आणि 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा भलाथोरला सांगाडा आहे. नातीने त्याच्या फासळ्या मोजायला घेतल्या आणि रखवालदाराने हटकल्यामुळे हिशोब चुकला.

पण तिला आवडली ती मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणवला आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. लायब्ररीत लोखंडी घोड्यांवर पुस्तकांचे मजलेच्या मजले आहेत आणि त्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. खाली उभं राहून मान वर केली की कोणाचे तरी तळवे डोक्यावरून धूसर चालत जातात. नात बराच वेळ तशीच उभी होती. मग तिने विचारलं, "हे कोणी बांधलं? राजाने? तो राजा कसा झाला?"

सांगितलं. नाशिक जिल्ह्यातलं कवळाणे गाव, तिथला गोपाळ नावाचा शेतकऱ्याघरचा मुलगा. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून दूर केलं, त्यांच्या थोरल्या भावाच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक मुलगा हवा होता, म्हणून गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली तीन भावंडं बघायला आणली. कशाला आलात, असं विचारल्यावर गोपाळ म्हणाला, "राजा व्हायला", अशी गोष्ट बडोद्यात अजून सांगतात. 27 मे 1875 ला दत्तकविधान झालं. वय बारा. सकाळी गोपाळ, संध्याकाळी सयाजीराव.

नातीचे डोळे चमकले. तिच्या सगळ्या पुस्तकांतलं हे एकच पोर खरोखर दारापलीकडे गेलेलं होतं. "आणि परत?" परत येणं हा त्या पुस्तकांचा कायदाच आहे, पलीकडे वर्षं उलटली तरी इकडे चहा गारसुद्धा झालेला नसतो. मी म्हटलं, हा परत गेला नाही. याच्याकडची घड्याळं चालूच राहिली, थेट 1939 पर्यंत.

"मग पलीकडे गेल्या गेल्या काय केलं त्याने? लढाई?"

"अभ्यास. एलियट नावाचे मास्तर नेमले होते. सहा वर्षं अभ्यास. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, हिशोब, कारभार. 1881 मध्ये कुठे खरा कारभार हातात आला. पुढे 1906 मध्ये त्याने राज्यातल्या सगळ्या मुलांना शाळा सक्तीची केली."

एवढ्या सुंदर दारातून आत जाऊन निष्पन्न काय, तर शाळा, आणि तीही मागून आख्ख्या राज्याला! नातीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ती सक्ती मीच केली होती.

"त्यापेक्षा कवळाण्यालाच राहायचं ने," ती म्हणाली.

"आणि ही लायब्ररी कोणी बांधली असती मग?"

"बांधली असती कोणीतरी. आजी, चल ने, सेवउसळ खाऊ. तर्री वेगळी मागायची."