शेवटचे दाणे मोजताना

व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाची ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल मी चार वर्षं घेतली. तिनेच मला अंथरुणातून उठवलं, हे आधी सांगते. त्रास झाला तो ती सोडताना. बरं वाटतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी दोन आठवडे ३७.५ दिली आणि मग बंद.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मेथी निवडताना कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली, तर डोक्यात करंट लागल्यासारखं झालं. दुखलं नाही, पण कानात ‘झर्र’ झालं आणि क्षणभर सगळं हललं. नुसती नजर फिरवली तरी तेच. मग मळमळ, गरगरणं, घामाने भिजवणारी स्वप्नं, कारण नसताना येणारं रडू. वर्गात फळ्याकडून मुलांकडे वळताना टेबल धरायला लागायचं. स्कूटी बंद झाली.

पाच आठवड्यांनीही काही थांबेना, म्हणून परत गेले. “आजार उलटलाय,” असं सांगण्यात आलं. सासूबाईंनीही काळजीने विचारलं, “अगं, पुन्हा तसंच होतंय का तुला?” मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पण माझं नैराश्य मला चांगलं ओळखीचं होतं. त्यात मी दगडासारखी पडून असायचे, रडूसुद्धा यायचं नाही. करंट तर कधीच नव्हता. आणि हे सगळं गोळी थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालं होतं. तारखांसकट वहीत लिहून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

त्यांनी समजावलं, हे औषध शरीरातून काही तासांतच उतरतं. शिवाय मात्रा निम्मी केली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. वरच्या मात्रा कमी करताना फारसं जाणवत नाही, खरा उतार शेवटच्या थोड्या मिलिग्रॅममध्ये असतो. मी नेमकी तिथूनच उडी मारली होती. होरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलंय, हे मी नंतर वाचलं. आधी का नाही कुणी सांगितलं, याचा राग अजून गेलेला नाही.

३७.५ पुन्हा सुरू झाली. आठवड्याभरात करंट कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. महिनाभर काहीच बदललं नाही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दाणे कमी करायला लागले. रात्री जेवणं उरकली की काळ्या रुमालावर कॅप्सूल उघडायची. आत राजगिऱ्यापेक्षा जरा मोठे पांढरे दाणे. पंखा बंद, नाहीतर पळतात. ठरलेले दाणे काडीने बाजूला सारायचे, बाकीचे परत टोपणात. दाणा चावायचा किंवा कुटायचा नाही, कारण औषध त्यातून हळूहळू सुटतं. सुरुवातीला महिन्याला दहा टक्के, तेही आदल्या महिन्याच्या मात्रेच्या. त्यामुळे शेवटी शेवटी महिन्याला एखाद-दुसराच दाणा कमी व्हायचा. दोनदा त्रास वाढला, तेव्हा तिथेच थांबले. मागे गेले नाही, पुढेही नाही.

यात दोन वर्षं गेली. शेवटचा दाणा थांबून आता पाच महिने झालेत. पहाटे तीनला जाग येते, मिक्सरचा आवाज सहन होत नाही. वहीत या महिन्यात करंटच्या दोनच नोंदी आहेत, दोन्ही रात्रीची झोप न झालेल्या दिवशीच्या. स्कूटी अजून झाकलेलीच आहे.