तुम्ही विचारलंत म्हणून: एकच अल्बम तीनदा कशाला?

"मावशी, हा एकच अल्बम तुमच्याकडे तीनदा आहे," भाचीचा नवरा कपाटासमोर उकिडवा बसून म्हणाला. "आणि फोनवर तर सगळाच्या सगळा मिळतो." त्याला खरोखरच कळत नव्हतं. हाच प्रश्न मला नणंदेने विचारलाय, घर बदलताना खोकी उचलणाऱ्या पोरांनी विचारलाय. दरवेळी "आवड आहे" म्हणून मी विषय मिटवते. ते उत्तर अपुरं आहे हे मलाही माहीत आहे. यावेळी नीट सांगते.

तो अल्बम म्हणजे पब्लिक इमेज लिमिटेडचा 'मेटल बॉक्स'. नोव्हेंबर १९७९ मध्ये लंडनमध्ये निघाला. सेक्स पिस्टल्स हा गाजलेला पंक बँड फुटल्यावर त्याचा गायक जॉनी रॉटनने आपलं खरं नाव, जॉन लायडन, पुन्हा घेतलं आणि हा नवा बँड काढला. खालच्या सुरांच्या बेस गिटारवर 'जा वॉबल' नावाचा वादक, साध्या गिटारवर कीथ लेव्हीन. या काळातल्या अशा बँडना पोस्ट-पंक म्हणतात. कुणीही उठावं आणि गाणं करावं, हे पंक या साध्या, धसमुसळ्या रॉकने दाखवून दिलं होतं. या मुलांना पुढचा प्रश्न पडला: करायचंच आहे, तर तीच तीन कॉर्डची घाई किती दिवस? मग त्यांनी जमैकाच्या डब या संगीतप्रकारातून बेस आणि प्रतिध्वनी उचलला, फंकमधून ठेका घेतला, जर्मन बँडकडून एकच लय न थकता चालवत राहायचं शिकून घेतलं. इंग्लंडमधला हा बहर साधारण १९७८ ते १९८४ एवढाच, पण त्या सहा-सात वर्षांत जे झालं ते मला अजून पुरून उरलंय.

'मेटल बॉक्स' नावाप्रमाणे खरंच पत्र्याच्या डब्यात येतो. सिनेमाची रिळं ठेवतात तसा गोल, चपटा डबा, वर बँडची खूण ठोकून उठवलेली. आत बारा इंची तीन तबकड्या, मध्ये कागदाच्या चकत्या. अशा साठ हजार प्रती काढल्या आणि तो खर्च परवडेना म्हणून काही महिन्यांतच, १९८० च्या सुरुवातीला, तीच गाणी साध्या पुठ्ठ्याच्या कव्हरात दोन तबकड्यांवर 'सेकंड एडिशन' नावाने आली. माझ्याकडे डबा आहे, 'सेकंड एडिशन' आहे आणि सीडी आहे. झाले तीन.

आता यातली खरी गोष्ट सांगते. रेकॉर्डवर आवाज म्हणजे खाचेची वळणं. बेस जितका जड, तितकी खाच रुंद डोलते, म्हणजे तिला जागा जास्त लागते. एका बाजूवर जास्त मिनिटं कोंबायची तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, आणि मग बेस आवरता घ्यावा लागतो. डब्यातल्या तबकड्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या आहेत. तासाभराचं संगीत सहा बाजूंवर पसरलंय, त्यामुळे वॉबलच्या बेसला मोकळं मैदान मिळालं. सुई ठेवली की तो आधी जमिनीतून पायांना कळतो, कानाला नंतर. 'सेकंड एडिशन'मध्ये तोच बेस अंग चोरून उभा राहिल्यासारखा वाटतो. फोनच्या स्पीकरवर तर तो जवळपास नसतोच, आणि त्या अल्बमचा सगळा डोलारा बेसवर आहे.

आणखी एक. तीन सुट्या तबकड्या असल्यामुळे कुठली आधी लावायची हे ऐकणाऱ्याच्या हातात राहतं. डब्यातून त्या सहज निघतही नाहीत. डबा तळहातावर उपडा करून हलकेच ठोकावा लागतो. दर दहा-अकरा मिनिटांनी उठावं लागतं, बाजू बदलावी लागते. कामं करता करता ऐकायची सोयच ठेवलेली नाही. हे त्यांनी मुद्दाम केलं असं मी मानते, आणि म्हणून डबा हा माझ्या लेखी वेष्टन नाही, अल्बमचाच भाग आहे.

मी या वाटेला कशी लागले, तेही विचारलंत. मी इचलकरंजीची. घराला लागून मागांची शेड. धोट्याचा खटका, पट्ट्यांची घरघर, या आवाजात आम्ही झोपलो आणि अभ्यासही केला. १९९६ मध्ये वस्त्रविद्या शिकायला लीड्सला गेले. तिथल्या विद्यापीठाच्या कला विभागातल्या मुलामुलींमधून त्याआधी वीसेक वर्षं गँग ऑफ फोर, मेकॉन्स, डेल्टा फाइव्ह हे बँड निघाले होते. नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक तेव्हा आमच्यासारख्या रंगाच्या माणसांविरुद्ध मोर्चे काढत होते आणि हे बँड 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या कार्यक्रमांत वाजवत होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीने एका संध्याकाळी गँग ऑफ फोरचा १९७९ चा 'एंटरटेनमेंट!' लावला. त्यातल्या अँडी गिलची गिटार ऐकून मी दारात थांबले. सूर नव्हेच तो, खटका होता. कोरडा, तुटक, मध्ये मोकळी जागा सोडणारा. इतर गिटारवाले जिथे सोलो वाजवतात, तिथे हा माणूस थांबायचा. मला घरची शेड आठवली आणि परक्या देशात आल्यापासून पहिल्यांदा रडू आलं. त्याच हिवाळ्यात जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानात १८ पौंडांना तो डबा घेतला. दोन आठवडे डाळभात आणि अंड्यांवर काढले.

डब्यानंतर मात्र माझा शोध महागड्या वस्तूंचा राहिला नाही. बनवणाऱ्याचा हात ज्यांच्यावर दिसतो, अशा रेकॉर्ड मी शोधू लागले. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. घरच्यांकडून, मित्रांकडून पाचेकशे पौंड उसने घेऊन. पहिल्या हजार प्रती, पुढे मागणी वाढत सोळा हजारांवर गेली. कव्हरावर छापलंय की कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात रेकॉर्ड झालं आणि त्यावर नंतर काही चढवलं का. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरावर सरळ खर्चाचा हिशेबच छापला: स्टुडिओचे इतके, छपाईचे इतके. म्हणजे वाचणाऱ्याने तो हिशेब घ्यावा आणि आपली रेकॉर्ड काढावी. आमच्याकडे आजी लोणच्याची कृती कागदावर मापासकट लिहून शेजारणीला द्यायची, तशी ही उदार वृत्ती. फोनवर गाणं ऐकू येतं, तो हिशेब दिसत नाही.

फॅक्टरी रेकॉर्ड्स या मँचेस्टरच्या रेकॉर्ड कंपनीने १९८० मध्ये द दुरुटी कॉलम या बँडचा पहिला अल्बम सॅंडपेपरच्या कव्हरात काढला. शेजारची रेकॉर्ड खरवडली जावी असाच हेतू. ते सॅंडपेपर चिकटवण्याचं काम पैसे देऊन कंपनीच्याच जॉय डिव्हिजन या बँडच्या पोरांकडून करून घेतलं होतं, आणि त्यातलं बरंचसं त्यांचा गायक इयन कर्टिसने केलं असं सांगतात. त्याच वर्षी १८ मे रोजी त्याने आयुष्य संपवलं, वय अवघं तेवीस. आदल्या रात्री त्याने जो सिनेमा पाहिला, त्याच्या शेवटी एक कोंबडी नाचत राहते. १९८१ मध्ये 'स्टिल' हा जॉय डिव्हिजनचा दुहेरी अल्बम निघाला. त्यात शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत उरते त्या कोऱ्या, चकचकीत पट्टीवर कोंबडीच्या पायांचे ठसे कोरलेले आहेत. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसतात. मित्रांनी केलेली ही आठवण. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कितीतरी वेळ तबकडी खाली ठेववली नाही.

पुण्यात आम्ही चौघं-पाचजण महिन्यातून एकदा जमतो. कोणाचा कोणावर प्रभाव यावर वाद होतात, आवाज चढतात. एकाचं ठाम मत आहे की जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम जितका बँडचा, तितकाच निर्माता मार्टिन हॅनेटचा आहे. ड्रमचा एकेक भाग सुटा रेकॉर्ड करून घेणारा, पोकळी ऐकू येईल असं ध्वनिमुद्रण करणारा तोच. खुद्द बँडमधल्या बेसवाल्या पीटर हूक आणि गिटारवाल्या बर्नार्ड सम्नरला तेव्हा ते आवडलं नव्हतं. मी हॅनेटच्या बाजूची. पण हूक बेसच्या वरच्या तारांवर सुरावट वाजवतो, ती त्याची स्वतःची. स्वस्तातल्या ॲम्प्लिफायरवर खालचे सूर त्याला ऐकूच येत नसत, म्हणून तो वर सरकला. आज त्याच पद्धतीने वाजवणारे बँड अमेरिकेत आणि आयर्लंडमध्येही सापडतात. त्या साध्या अडचणीतून एवढं निघालं.

पहिल्याच छपाईचा हट्ट मात्र मी धरत नाही. द रेनकोट्स या बायकांच्या बँडचा १९७९ चा पहिला अल्बम वर्षानुवर्षं मिळत नव्हता. १९९२ मध्ये निर्वाणा या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन तो शोधत लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्डच्या दुकानात पोचला. तिथल्या बाईंनी सांगितलं, रेनकोट्समधली आना दा सिल्वा जवळच जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते. तो चालत तिच्याकडे गेला. पुढे तिने त्याला एक प्रत पाठवली आणि १९९३ मध्ये अल्बम पुन्हा छापून आला, कोबेनच्या मजकुरासह. मी तो त्या नव्या छपाईतच पहिल्यांदा ऐकला. तेव्हा पुनर्मुद्रणाला नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि प्लॅस्टिक न फोडता भाव वाढायची वाट पाहणाऱ्यांशी तर मुळीच नाही. ज्यांनी हिशेब छापून "तुम्हीही करा" म्हटलं, त्यांची रेकॉर्ड बंद ठेवणं मला त्यांचा अपमान वाटतो.

सांभाळणं सोपं नाही, हे खरं. आपल्या पावसाळ्यात कव्हरांवर बुरशी येते, डब्याला गंज धरतो. तबकड्या उभ्याच ठेवाव्या लागतात, तिरक्या राहिल्या की वाकतात. मी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने त्या पुसते, वर्तुळाच्या दिशेने. डब्याला जूनच्या आधी शिवणयंत्राचं तेल अगदी बोटभर, फक्त बाहेरून. वडील मागाच्या भागांना लावायचे तसंच.

हे सगळं ऐकून जावई काही बोलला नाही. त्याने डबा हातात घेतला, नखाने झाकण उचकटायला लागला. मी म्हटलं, तसं नाही, उपडा करा. तळहातावर तीन तबकड्या आल्या तेव्हा त्याने विचारलं, "यातली आधी कुठली लावायची?"

"तुम्ही ठरवा," मी म्हटलं, आणि पातेलं गॅसवरून उतरवून ठेवलं.