तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांच्या पोरांचं मला काय पडलंय

"ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या पोरांसाठी तुझा जीव का तुटतो?" स्टाफरूममध्ये झालं, लग्नाच्या पंगतीत झालं, आता एकदाच लिहून टाकते.

बीएडला असताना मीही हेच बोलायचे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आमचे विणकर देशोधडीला लावले, मग तिथली पोरं राबली तर राबू देत. वर्गात उभी राहून बोललेय मी हे.

पुढे कधीतरी इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या पोरांच्या सरकारी चौकशीचा १८४२ चा रिपोर्ट हाती आला. त्यात यॉर्कशायरच्या गॉबर खाणीतल्या सारा गूडर या ८ वर्षांच्या मुलीची जबानी आहे. काम काय, तर जमिनीखाली दाराशी बसायचं, कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, कारण ते उघडं राहिलं तर हवा खेळत नाही आणि गॅस साठतो. पहाटे चारला आत, कधी साडेतीनलाच, आणि बाहेर संध्याकाळी पाच-साडेपाचला. ती म्हणते दमायला होत नाही, पण दिवा नसतो, भीती वाटते. उजेड असला तर कधीकधी गाते, अंधारात नाही, तेव्हा हिंमत होत नाही. माझी लेक तेव्हा आठच वर्षांची, रात्री बाथरूमला जायचं तरी मला उठवायची. मला पुढचं पान उलटवेना.

तिथून जवळच सिल्कस्टोनला हस्कर खाण होती. ४ जुलै १८३८ ला वादळी पावसात माणसं वर ओढणारं इंजिन बंद पडलं, पोरं दुसऱ्या वाटेनं वर यायला निघाली, ओढ्याचं पाणी आत घुसलं आणि असल्याच एका हवेच्या दाराशी ती अडकली. २६ पोरं बुडाली, सगळ्यात लहान ७ वर्षांचं. १८४२ ला कायदा आला, बायका-मुली आणि १० च्या आतले मुलगे खाणीत उतरवायचे नाहीत. म्हणजे १० वर्षांचा मुलगा चालेल!

लूट झाली हे मी कुठे नाकारतेय, दरवर्षी शिकवते की. पण त्यातलं साराच्या हाती काय आलं ते सांगा ना. आणि आपल्याकडे १८८१ चा कारखाना कायदा आला तोही ७ वर्षांपासून कामाला मुभा देणारा, १२ पर्यंत रोज ९ तास. मुंबईच्या गिरण्यांचे मालक तर बहुतेक आपलेच होते. त्या कायद्यासाठी मँचेस्टरवाल्यांनी जोर लावला तो स्वतःच्या धंद्यापायी, मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको म्हणून, हेही खरंच, त्यामुळे तुमचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही.

आमचे पणजोबा परळला गिरणीत लहानपणीच लागले. कितव्या वर्षी, ते घरात कुणालाच माहीत नाही.