कानाखालची गाठ आणि काचपट्टीवरचा निकाल

सांगलीत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना माझ्या टेबलावर येणाऱ्या काचपट्ट्यांत लाळग्रंथींच्या गाठी तशा थोड्या असतात, पण सर्वांत जास्त विचार करायला त्याच लावतात. सांगली-मिरजेत जत, आटपाडीपासून थेट सीमेपलीकडच्या अथणीपर्यंतचे रुग्ण येतात. कानाखाली किंवा जबड्याखाली सूज आलेला माणूस बहुधा तिला गालगुंड समजतो, आणि लेप लावून, शेक घेऊन, क्वचित बिब्बा घालून झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढतो. या ग्रंथींपुरते माझे मत ठाम झाले आहे की, नुसत्या बोटांनी चाचपून बांधलेल्या अंदाजावर इथे कोणताही निर्णय घेऊ नये. त्वचेखाली सहज सरकणारी, अजिबात न दुखणारी गाठ खरे अर्बुद (ट्यूमर) असू शकते आणि दगडासारखी घट्ट लागणारी गाठ निव्वळ दाह निघू शकते.

जर्मन शल्यविशारद क्युटनर यांनी १८९६ साली जबड्याखालच्या लाळग्रंथीच्या अशाच कठीण सुजेचे वर्णन केले, आणि ती मुळात अर्बुद नसूनही आजतागायत ‘क्युटनर ट्यूमर’ याच नावाने ओळखली जाते. जेवताना फुगणारी आणि जेवणानंतर ओसरणारी सूज बहुतेक वेळा नळीत अडकलेल्या खड्याची असते व तिचे निदान सोपे असते; ही सूज मात्र हळूहळू वाढते, कधी दोन्ही बाजूंना येते आणि घरच्यांना कर्करोगाचीच धास्ती बसते. असा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लाळ तयार करणारे ग्रंथिपुंज विरळ झालेले दिसतात, त्यांच्या जागी भोवऱ्यासारखे फिरलेले तंतू, बुजत चाललेल्या शिरा आणि प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची, दाटी आढळते. त्या पेशींवर आयजीजी-४ या प्रतिपिंड-प्रथिनाची खूण मोठ्या संख्येने उमटली, तर हा आजार केवळ लाळग्रंथीपुरता नसण्याची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. स्वादुपिंड, मूत्रपिंड, डोळ्यांजवळच्या अश्रुग्रंथी अशा अनेक अवयवांना ग्रासणारा हा एकच विकार असल्याची मांडणी जपानी संशोधक कामिसावा यांनी २००३ मध्ये केली. रक्तातील आयजीजी-४ चे प्रमाण दर डेसिलिटरला १३५ मिलिग्रॅमच्या वर असणे निदानाला दुजोरा देते, पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब करता येत नाही. स्टेरॉइडने ही सूज बहुधा लक्षणीय कमी होते. मात्र आपल्या भागात क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही पुष्कळ असल्यामुळे त्यांची तपासणी झाल्याशिवाय त्या गोळ्या सुरू करू नयेत, हे मी अहवाल देताना डॉक्टरांशी फोनवर आवर्जून बोलते.

तोंडाच्या आतल्या टाळूवर अचानक पडणाऱ्या एका खोल जखमेचाही इथे उल्लेख करायला हवा. तिथल्या बारीक लाळग्रंथींचा रक्तपुरवठा तुटल्याने त्या मरतात आणि उरलेल्या नळ्यांच्या पेशी आपले रूप बदलतात. १९७३ मध्ये प्रथम नोंदवला गेलेला हा विकार काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. मिसरी आणि तंबाखूच्या या मुलखात तोंडातील प्रत्येक जखमेकडे कर्करोगाच्या संशयाने पाहिलेच पाहिजे, आणि म्हणूनच तुकडा पुरेसा खोल घेतलेला असावा, कारण वरवरच्या तुकड्यात हा विकार कर्करोगासारखा दिसून निष्कारण मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते.

आता खऱ्या अर्बुदांविषयी. लाळग्रंथींतील बहुसंख्य अर्बुदे कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीत होतात, त्यांतील सुमारे ८० टक्के सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेली, असतात, आणि सर्वाधिक आढळते ते प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. बारीक सुईने काढलेला द्रव काचपट्टीवर पसरून गिम्सा रंग दिला की गडद किरमिजी रंगाचा, कडांना झिरमिळ्या असलेला पदार्थ दिसतो आणि त्यात पेशी हळूहळू मिसळत गेलेल्या असतात. हे दृश्य एकदा नजरेत बसले की सहसा विसरत नाही. वॉर्थिन ट्यूमर या दुसऱ्या सौम्य अर्बुदाची सुई मात्र मळकट तपकिरी पाणी घेऊन येते. तो विशेषतः धूम्रपान करणाऱ्या वयस्कर लोकांत आढळतो आणि कधीकधी दोन्ही बाजूंना असतो.

प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाचा धोका त्याच्या आवरणात आहे. ते जागोजागी पातळ असते, गाठीची बोटे त्यातून बाहेर डोकावतात, आणि गाठ नुसती सोलून काढली तर मागे राहिलेल्या कणांतून अनेक वर्षांनी एकाऐवजी दहा गाठी उगवू शकतात. म्हणून ती भोवतालच्या निरोगी ग्रंथीसह काढावी लागते. चेहऱ्याची हालचाल करणारी नस याच ग्रंथीतून पाच शाखा पसरत जाते, त्यामुळे हे काम भूल देऊन, नस शोधून, अनुभवी शल्यविशारदानेच करायचे असते. ‘लहानशी गाठ आहे, इथेच काढू’ असे कोणी म्हणाले, तर आधी सुईची तपासणी मागावी. काहीच न करता वर्षानुवर्षे ठेवलेल्या काही गाठींचे कर्करोगात रूपांतर होते, हेही तितकेच खरे.

शस्त्रक्रियेनंतर जेवताना गालावर घाम येऊ लागला तर घाबरू नये. लाळेकडे जाणारे मज्जातंतू त्वचेतील घर्मग्रंथींना जुळल्यामुळे तसे होते आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीचा अहवाल मात्र जमिनीच्या कागदांइतका जपावा, आणि काढलेला तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ब्लॉक कोणत्या प्रयोगशाळेत ठेवला आहे हे त्यावरच लिहून ठेवावे, म्हणजे गाठ पुन्हा आली तर जुनी आणि नवी काचपट्टी शेजारी ठेवून पाहता येते.