दिकेम: धुक्यावर पिकणारी वाईन आणि ती कोकणात जपायची कशी

आंब्याला मोहोर आला की सकाळचं धुकं आणि मळभ बघून देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. भुरी, करपा, सगळं त्या दमट हवेवर पोसतं. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आग्नेयेला साधारण ४० किलोमीटरवर सोतेर्न नावाचा भाग आहे. तिथले द्राक्षबागायतदार मात्र शरद ऋतूत धुक्याची वाट बघत बसतात, कारण फळाला बुरशी धरली नाही तर त्यांची गोड वाईन होतच नाही. शातो दिकेम ही त्या भागातली सगळ्यात मानाची बाग. १८५५ साली बोर्दोच्या वाईनची प्रतवारी ठरली, तेव्हा सोतेर्नमध्ये सर्वांच्या वरचा एक वेगळा दर्जा ठेवला गेला आणि त्यात फक्त दिकेमचं नाव लिहिलं गेलं.

सिरों ही तिथली लहान नदी झाडांच्या सावलीतून वाहते, त्यामुळे तिचं पाणी थंड असतं. ती गारॉन या मोठ्या, तुलनेने उबदार नदीला मिळते, आणि शरदातल्या रात्री तिथे धुकं धरतं. या ओलीत पिकलेल्या द्राक्षावर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी वाढते आणि सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते. दुपारी ऊन पडलं, वारा सुटला की त्या छिद्रांतून मण्यातलं पाणी उडतं. मणी आधी तपकिरी-जांभळा होतो, मग सुरकुततो. साखर आणि आंबटपणा दाट होतात. बुरशी त्यातलं थोडं आम्ल खाते आणि ग्लिसरॉल तयार करते. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, केशर असे वास या वाईनला येतात, त्यात बुरशीचा वाटा मोठा आहे.

पण दुपार कोरडी गेली नाही तर हीच बुरशी घात करते. ओल दिवसभर टिकली की मणी फुटतो, राखाडी कूज पसरते, माश्या बसतात आणि रसाला व्हिनेगरचा वास लागतो. म्हणून कोकणात वेल लावून हे साधणार नाही. आपल्या पावसाळ्यात ओल सकाळी येऊन दुपारी निघून जात नाही, ती मुक्कामालाच असते. दिकेमचं खरं कसब पाणी वेळेत बाहेर काढण्यात आहे, असं मला वाटतं. जमिनीचंच बघा. वर गोटे आणि जाड खडी, खाली पाणी धरून ठेवणारी चिकणमाती. मुळं कुजू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे मातीचे निचऱ्याचे पाइप घातले गेले, एकूण सुमारे १०० किलोमीटर लांबीचे. जांभ्या कातळात कलमाचा खड्डा घेताना निचऱ्याची चिंता केलेल्या माणसाला या आकड्याचं मोल सांगायला नको.

तोडणी हा सगळ्यात खर्चिक भाग. एकाच घडात काही मणी सुरकुतलेले, काही नुसते पिकलेले, काही खरंच सडलेले असतात. तोडणारा माणूस पहिले घेतो, दुसरे वेलीवर ठेवतो, तिसरे काढून टाकतो. त्यामुळे त्याच ओळीतून पाच-सहा वेळा फिरावं लागतं, आणि तोडणी नोव्हेंबरपर्यंतही लांबते. मध्ये पाऊस आला तर काम थांबतं; भिजलेला मणी पाणी पुन्हा ओढून घेतो. सोतेर्नच्या नियमानुसार हेक्टरी २५ हेक्टोलिटर, म्हणजे २,५०० लिटर वाईन करता येते. दिकेमची सरासरी ९ हेक्टोलिटरच्या आसपास आहे. एका वेलीमागे एक ग्लास, असा हिशेब तिथे सांगतात.

लागवडीत सेमियों जातीचा वाटा सर्वांत मोठा, उरलेली सोव्हिन्यॉन ब्लाँ. सेमियोंची साल पातळ, म्हणून बुरशी तिला लवकर धरते. सोव्हिन्यॉनमुळे ताजेपणा येतो. दाबताना इथे उलटा प्रकार दिसतो. साध्या वाईनमध्ये पहिल्या दाबाचा रस सरस मानतात. इथे नंतरच्या दाबांना रस थोडाच निघतो, पण तोच जास्त गोड असतो, कारण सर्वांत सुकलेले मणी रस सोडायला सर्वांत उशीर करतात. रस नव्या ओकच्या पिंपांत आंबतो. तोडतानाच त्यात इतकी साखर हवी की सगळी आंबली असती तर सुमारे २० टक्के अल्कोहोल झालं असतं. यीस्ट १३.५ ते १४ टक्क्यांच्या आसपास दमतं आणि लिटरमागे साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर उरते. आधीच थांबलं तर वाईन पाकासारखी लागते, फार पुढे गेलं तर घशाला जाळते.

आणि वर्ष बिघडलं तर दिकेम बाजारात येतच नाही. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ ही दिकेमशिवायची वर्षं. अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याची ही तयारी मला त्यांच्या कुठल्याही मानापेक्षा मोठी वाटते.

ही बाग १५९३ पासून सोव्हाज घराण्याकडे होती. १७८५ मध्ये त्या घरच्या फ्रान्स्वाज-जोसेफीनचं लग्न ल्यूर-सालूस घराण्यात झालं, तीन वर्षांत ती विधवा झाली, आणि राज्यक्रांतीच्या धामधुमीतून तिने बाग सांभाळून नेली. १९९९ पासून मालकी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे आहे. १८११ सालची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना गेली.

अशी वाईन टिकते ती थंड तळघरात. आपल्याकडे बोटीवरचा किंवा आखातातला कोणी बाटली आणतो आणि ती शोकेसमध्ये उभी राहते. एप्रिल-मे महिन्यांत घरातलं तापमान ३० च्या वर गेलं की वाईन फुगते, बूच वर ढकललं जातं, रात्री ती आकसली की हवा आत शिरते. बुचावरच्या पातळ वेष्टनाखाली चिकट लागलं किंवा पातळी मानेखाली उतरली तर समजा, बाटलीला ऊन लागलं. नुसत्या रंगावर जाऊ नका. ही वाईन वयानुसार सोनेरीची तांबूस होतेच. बाटली १२-१३ अंशांवर, आडवी ठेवायची. लहान वाईन-फ्रिज असेल तर त्याला इन्व्हर्टर जोडा, पावसात लाईट किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. साधा फ्रिज काही महिन्यांसाठी ठीक; वर्षानुवर्षं ठेवलं तर तिथल्या कोरड्या हवेत बूच सुकतं. पावसाळ्यात लेबलवर बुरा आला तर घाबरू नका, आतल्या वाईनला त्याने काही होत नाही.

देताना ८-९ अंशांवर काढा आणि एका वेळी ५०-६० मिली ओता. आपल्या हवेत ग्लासात ती पाच-दहा मिनिटांत ११-१२ वर येते, आणि वास तिथेच खुलतो. तळाशी पांढरे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे, निरुपद्रवी.

सोबत काय, यात बहुतेकांचा अंदाज चुकतो. पदार्थ वाईनपेक्षा गोड असेल तर वाईन पातळ आणि आंबट लागते, म्हणून उकडीचे मोदक आणि पिकलेला हापूस दोन्ही बाजूला ठेवा. ओल्या काजूची उसळ मात्र उत्तम जुळते: वाटणात ओलं खोबरं, मिरची बेताची, गूळ अजिबात नको. नारळाच्या दुधातली कोळंबी किंवा कुर्ल्यांचा सौम्य रस्साही चालेल, पण आमसुलाला हात आखडता घ्या. आंबट खाल्लं की वाईनमधला आंबटपणा जाणवत नाही आणि नुसता गोडवा उरतो. सोलकढीही त्याच कारणाने नंतर. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं नकोच. जीभ बधिर झाल्यावर इतक्या वासांचा उपयोग काय? काहीच शिजवायचं नसेल तर भाजलेले खारे काजू पुरेत.

दिकेम आवाक्याबाहेर वाटत असेल तर त्याच भागातल्या सुदुइरो, गिरो, क्लिमेन्स, कुते यांच्या बाटल्या बघा. बुरशी तीच, १८५५ च्या यादीत त्या दिकेमच्या लगेच खालच्या वर्गात आहेत, आणि किंमत बरीच कमी. चौघांसाठी ३७५ मिलीची अर्धी बाटली पुरते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर चांगली राहते.