स्मृतिवृक्ष लावताना : विनिपेगमधील माझा अनुभव

कॅनडातील विनिपेग शहरात हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या मूलनिवासी व्यक्तींच्या स्मरणार्थ एक झाड लावायचे ठरले, तेव्हा त्या कामातला कागदपत्रांचा भाग माझ्याकडे आला, कारण आमच्या वस्तीतल्या सामुदायिक केंद्राचे अर्ज, पत्रव्यवहार आणि हिशेब मीच पाहते. झाडाची मागणी केंद्राच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून एकदा जमून रिबन स्कर्ट, म्हणजे रंगीत फितींचे पारंपरिक घागरे, शिवणाऱ्या क्री आणि अनिशिनाबे या मूलनिवासी समाजांतल्या बायकांची होती. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या नात्यातली कुणी ना कुणी बेपत्ता आहे किंवा तिचा खून झालेला आहे. वस्तीतली लहानथोर माणसे त्यांना आंटी म्हणतात आणि मीही तसेच म्हणते.

इथे नव्याने आलेल्या मराठी माणसांना हा विषय बातमीपुरता माहीत असतो, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९८० ते २०१२ या काळातील १,०१७ मूलनिवासी स्त्रियांच्या हत्या आणि १६४ बेपत्ता स्त्रिया यांची नोंद होती, आणि ही संख्या फक्त पोलिसांच्या दप्तरात पोचलेल्यांची होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सगकिंग फर्स्ट नेशन या मूलनिवासी समाजातल्या टीना फॉन्टेन या १५ वर्षांच्या मुलीचा मृतदेह विनिपेगच्या रेड नदीत सापडला आणि राष्ट्रीय चौकशीच्या मागणीने जोर धरला. चौकशी आयोगाने ३ जून २०१९ रोजी अंतिम अहवाल सादर केला, या हिंसाचाराला वंशसंहार म्हटले आणि सरकारपासून सामान्य नागरिकांपर्यंत सर्वांसाठी न्यायाची २३१ आवाहने मांडली. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये, लाँग प्लेन फर्स्ट नेशनच्या मॉर्गन हॅरिस आणि मार्सेडिस मायरन यांचे अवशेष शहराबाहेरच्या कचऱ्याच्या भरावात असावेत असे सांगणाऱ्या पोलिसांनीच तिथे शोध घेणे व्यवहार्य नसल्याचे जाहीर केले. दोघींच्या घरच्यांनी दोन वर्षे हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये भराव खणायला सुरुवात झाली आणि मार्च २०२५ मध्ये सापडलेल्या अवशेषांवरून दोघींचीही ओळख पटली. आईला कचऱ्यातून बाहेर काढा, एवढे मागण्यासाठी मुलींना रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट या शहरात राहणाऱ्या कुणीही विसरू नये असे मला मनापासून वाटते.

ओळख पटल्याची बातमी आली त्याच सुमारास स्वयंपाकघरात झाडाचा विषय निघाला. नद्यांच्या संगमावर, फोर्क्स येथे, २०१४ पासून एक स्मारकशिला आहे, पण आंटींना वस्तीतच, नातवंडांना घेऊन चालत जाता येईल असे ठिकाण हवे होते. महाराष्ट्रात अलीकडे काही ठिकाणी अस्थी नदीत न सोडता झाडाच्या खड्ड्यात घालतात, हे मी बोलता बोलता सांगितले. त्यावर एक आंटी म्हणाल्या, “आमच्या घरी अजून काहीच परत आलेलं नाही.” त्यानंतर मी बोलण्यापेक्षा ऐकण्याचे ठरवले.

अर्ज लगेच भरावा अशी माझी घाई होती, कारण अर्जाला लागणारा वेळ मला ठाऊक होता. सर्वांत वयस्क आंटींनी मला थांबवले. “अर्ज कर पोरी, पण आधी तिच्या आईला विचार,” असे त्या म्हणाल्या, आणि मग ज्या ज्या घरांतली व्यक्ती गेलेली होती त्या प्रत्येक घराला विचारण्याचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले. ते संपायला बरेच आठवडे लागले. काही घरांना नाव हवे होते, काहींना अजिबात नको होते, कारण खटला चालू असताना नाव पुन्हा चर्चेत आले की बातमीदार दारात येतात. एका कुटुंबाने त्यांच्या मुलाचाही विचार व्हावा असे सुचवले, आणि हरवलेल्यांत पुरुष व मुलगेही आहेत हे तेव्हा सर्वांनी मान्य केले. शेवटी असे ठरले की फलकावर कुणाचेच नाव असणार नाही. ज्या घराला वाटेल त्याने लाल सुती कापडाच्या पट्टीवर नाव लिहून ती झाडाभोवतीच्या कुंपणाला बांधावी. हा निर्णय कुंपणापाशी आला तो रोपवाटिकेतल्या माणसामुळे. कोवळ्या फांदीला बांधलेली गाठ पुढे सालीत रुतते आणि फांदी मरते, असे त्याने बजावले होते.

लाल रंग इथे सगळ्यांना लगेच कळतो. जेमी ब्लॅक या मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) कलावतीने २०१० मध्ये रिकामे लाल पोशाख टांगण्याचा प्रकल्प सुरू केला, आणि आता ५ मे हा दिवस कॅनडाभर लाल पोशाखांचा दिवस म्हणून पाळला जातो. झाड त्याच दिवशी लावावे अशी पहिली इच्छा होती. परंतु मेच्या सुरुवातीला आमच्याकडची जमीन बर्फ वितळून चिंब झालेली असते, आणि रेड नदीच्या खोऱ्यातल्या चिकणमातीत अशा वेळी खड्डा खणला तर त्याच्या भिंती फावड्याने लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, मुळांना बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून ५ मे रोजी जागेवर पोशाख टांगायचे आणि झाड महिनाअखेरीस लावायचे, असे ठरले.

परवानगीचा टप्पा सर्वांत मनस्ताप देणारा ठरला. जागा ज्यांच्या ताब्यात होती त्या कार्यालयाला झाडाविषयी काही हरकत नव्हती. हरकत फलकावरील मजकुराला होती. ‘हरवलेल्या आणि हत्या झालेल्या’ या शब्दांऐवजी ‘प्रेमळ स्मृतीस’ असे लिहावे, म्हणजे बागेत येणाऱ्या मुलांना त्रास होणार नाही, असे त्यांनी पत्राने कळवले. त्या बागेत खेळणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या मावश्या आणि आत्या याच हरवलेल्या आणि हत्या झालेल्यांत आहेत, हे त्यांना सांगावे लागले. मी उत्तरात आयोगाच्या अहवालाचे पूर्ण शीर्षक, आवाहनांचा तपशील आणि कुटुंबांची सह्यांची पत्रे जोडली, आणि एक अक्षरही सौम्य केले नाही. दुसऱ्या बैठकीला आंटी स्वतः आल्या, मी बाजूला बसून टिपणे घेतली. मजकूर आहे तसा मंजूर झाला. अशा प्रसंगी तडजोड करण्याचा अधिकार आपल्याला नसतो, तो ज्यांचे माणूस गेले त्यांचा असतो, एवढे मला त्या बैठकीने स्पष्ट केले.

झाडाच्या निवडीत फारसा वाद झाला नाही. विनिपेगचे रस्ते ज्यांच्या सावलीसाठी प्रसिद्ध आहेत ते एल्म वृक्ष डच एल्म रोगाने दरवर्षी कापावे लागतात, आणि ॲशची झाडे पोखरून मारणारा पाचूसारखा हिरवा भुंगेरा २०१७ मध्ये शहरात आढळल्यापासून ॲश लावण्यात अर्थ उरलेला नाही. राहिला बर ओक, म्हणजे याच नदीकाठचा देशी ओक, जाड सालीमुळे गवताच्या वणव्यातूनही तगणारा आणि दोनशे वर्षांहून अधिक जगू शकणारा. तो फार सावकाश वाढतो. आपल्या हयातीत त्याची सावली पडणार नाही हे आंटींना माहीत होते आणि त्यांना त्याचे काही वाटले नाही. त्याचे सोटमूळ खोल जात असल्यामुळे मोठे झाड आणण्यापेक्षा खांद्याइतक्या उंचीचे कुंडीतले रोप घेणे बरे, असा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मानला. जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देण्याची सोय इथे विनामूल्य आहे. ऑनलाइन विनंती केल्यावर माणसे येऊन गॅससाठी पिवळी, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळी अशा खुणा करून गेली, आणि गॅसची रेषा जवळून जात असल्यामुळे आम्हाला खड्डा थोडा सरकवावा लागला.

विधी कोणी करायचा, हे विचारण्याचीही रीत आहे. लाल कापडात बांधलेली तंबाखू आंटींनी एका ज्येष्ठ ज्ञानी बाईंपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, म्हणजे होकार मिळाला. झाड लावायच्या दिवशी सकाळी सेज ही सुगंधी वनस्पती जाळून त्याचा धूर सर्वांनी ओंजळीने अंगावरून घेतला, बायकांनी ढोलकावर पाण्याचे गाणे म्हटले, आणि गाणे चालू असेपर्यंत कुणीही फोन बाहेर काढायचा नाही असे आधीच सांगितलेले होते. खड्डा कुंडीच्या तिप्पट रुंद आणि मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल खणलेला होता. रोप कुंडीतून काढल्यावर दिसले की मुळे कुंडीच्या आकारात गोल गोल फिरली होती. हरवलेल्या एका मुलीच्या आईने गुडघ्यांवर बसून रोप आडवे धरले, मी चाकूने ती वेटोळी चार बाजूंनी उभी कापली आणि वरची माती बोटांनी खरवडत गेले, तेव्हा बुंधा जिथे पसरून पहिली मुळे फुटतात ती जागा चांगली चार बोटे खाली गाडलेली सापडली. ती जागा जमिनीच्या पातळीवर यायलाच हवी, नाहीतर झाड काही वर्षांनी गुदमरते. त्या बाई सगळा वेळ एका हाताने खोड आणि दुसऱ्या हाताने मुळे सावरून होत्या आणि मी हळू कापते आहे ना, एवढेच पाहत होत्या. तंबाखू खड्ड्यात प्रथम घरच्यांनी ठेवली. माती लोटताना आधी घरचे, मग आंटी, मग बाकीचे असा क्रम होता, आणि आम्हा शेजाऱ्यांकडे पाण्याच्या बादल्या आणण्याचे काम होते.

लाकडी भुस्सा खोडाला न टेकवता वर्तुळात पसरला, आणि शरद ऋतूत खोडाभोवती बारीक तारेची जाळी उभी केली. इथले ससे हिवाळ्यात साल कुरतडतात, आणि बर्फाचा थर वाढत जातो तसे ते त्यावर चढून आणखी वर पोचतात, म्हणून जाळी नेहमीच्या अंदाजापेक्षा उंच लागते. पट्ट्या फिक्या पडल्या की आंटी त्या सोडवून विधीच्या अग्नीत देतात आणि घरचे नव्या बांधतात. कापड शंभर टक्के सुती असावे, नायलॉन नीट जळत नाही, वितळते.

कॅनडाचे नागरिकत्व घेताना आपण जी शपथ घेतो तिच्यात २०२१ पासून फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांच्या मूलनिवासी म्हणून असलेल्या आणि करारांतील हक्कांचा उल्लेख आहे. ती मी म्हटली आहे, आणि आमच्या ओळखीतल्या अनेकांनी म्हटली आहे. म्हणून पाणी घालण्याची यादी मी मराठी मंडळींतही फिरवली. ओकाला निदान पहिले तीन उन्हाळे नियमित पाणी लागते, आठवड्याला साधारण चाळीस लिटर, तेही सावकाश, कारण चिकणमातीवर भरभर ओतलेले पाणी वाहून जाते. यादीत तीन मराठी कुटुंबांनी नावे दिली आहेत. जुलैचे दोन आठवडे अजून रिकामे आहेत, कारण त्या सुट्टीत बरेच जण भारतात जातात. ज्यांना ते घेता येतील त्यांनी मला कळवावे, नळाची किल्ली केंद्राच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला आहे.