जांभळ्या टोपणाची ट्यूब

आमच्या कोथरूडच्या लॅबमध्ये मांटू (टीबीची हातावर टोचून करायची टेस्ट) टोचून घेणारे सगळेच हात दाखवायला परत येत नाहीत. ४८ ते ७२ तासांत गाठ मोजावी लागते. फोन केला की ठरलेलं उत्तर, "फुगलंच नाही हो मॅडम, कशाला येऊ?" अहो, न फुगणं हाही रिपोर्टच!

रविवारी भाचा जेवायला आला होता, व्हेटर्नरीला आहे. त्याच्यापाशी हे रडगाणं गायले, तर म्हणतो, "मावशी, तुझा पेशंट रिक्षा करून तरी येईल. रानगव्याला तीन दिवसांनी कुठून आणायचं?"

गवा म्हटलं की आम्हा कोथरूडकरांना एकच आठवतो. ९ डिसेंबर २०२०, महात्मा सोसायटी. जनावर पुढे, मोबाईल घेतलेली माणसं मागे. पकडला आणि मेला. एकदा पकडणंच असं जिवावर बेततं, तर टीबीसाठी दोनदा कोण पकडणार? म्हणून रक्त. बेशुद्ध करायचं, एकदाच घ्यायचं, सोडून द्यायचं.

पुढचं ऐकून मात्र माझा हातातला घास हातातच राहिला. टीबीसाठी आम्ही रक्तावर करतो ती इंटरफेरॉन-गॅमा टेस्ट मुळात ऑस्ट्रेलियात गाईगुरांसाठी निघाली. आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात १९९० साली रानम्हशींत (पुढे त्यांना खाणाऱ्या सिंहांतही) गुरांचा टीबी सापडला, तिथल्या म्हशींचं रक्त संशोधकांनी चक्क माणसांच्या क्वांटिफेरॉनच्या (याच टेस्टचं तयार किट) ट्यूबांत घेतलंय. म्हणजे माझ्या रॅकमधल्या!

यातल्या टीबीच्या ट्यूबांना आतून त्या जंतूची प्रथिनं लावलेली असतात. रक्तातल्या पेशींची त्या जंतूशी आधी गाठ पडली असेल तर त्या ओळखतात आणि इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडतात. आजार आज आहे की नाही, ते यातून कळत नाही. राखाडी टोपणाची ट्यूब कोरी, हिरवी-पिवळी टीबीची, आणि जांभळीत कुठल्याही धडधाकट पेशीला डिवचणारं द्रव्य. प्रत्येकीत एक मिली. दहा वेळा हलवायच्या. नवी मुलं मिल्कशेकसारख्या घुसळतात, मग मी ओरडते. नंतर ३७ अंशांवर १६ ते २४ तास. जांभळीही गप्प राहिली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

इंटरफेरॉन मोजायचं किट मात्र त्या त्या जनावराचं हवं. रानम्हशीला गाईचं चालतं, सिंहाला नाही.

"आणि इन्क्युबेटर? जंगलात?" मी विचारलं.

"गाडीतच ठेवायचा. रक्त थांबत नाही ना मावशी."

सोमवारी एकजण मांटूचा हात दाखवायला आले. पाचव्या दिवशी. परत टोचली.